रुमाल कमरेला बांधण्याआधी: नम्रतेने सेवा कशी करावी

येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग (योहान १३) आपण बहुतेक वेळा चौथ्या वचनापासून आठवतो. तो भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतले. तिसरे वचन मात्र घाईत निसटते. पित्याने सर्वकाही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू उठला, असे योहान तिथे सांगतो. म्हणजे रुमाल हाती घेताना आपण कोण आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कमीपणा वाटला म्हणून तो वाकला नाही, कोणी चांगले म्हणावे म्हणूनही नाही.

सेवेबद्दल मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका वचनातून निघते. ज्याला स्वतःला सिद्ध करायचे उरलेले नाही, त्याचेच लक्ष समोरच्या माणसाकडे जाऊ शकते. ज्याला अजून सिद्ध करायचे आहे तो पाय धुतानाही स्वतःकडेच बघत असतो. म्हणून हा लेख कामांच्या यादीने सुरू होत नाही.

## पहिली पायरी: आधी स्वतःचा हिशेब खरा करा

कोणतीही नवी सेवा अंगावर घेण्याआधी थोडा निवांत वेळ काढा. योहान १३:१-१७ किंवा फिलिप्पैकरांस पत्र २:१-११ सावकाश वाचा आणि दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. हे काम मी केले हे कधीच कोणाला कळले नाही, तरी मी ते करीन का? आणि उद्या हे काम माझ्याकडून काढून घेतले, तर देवासमोर मी आजच्यापेक्षा कमी ठरेन का? दुसऱ्या प्रश्नाला मनातून "हो" आले तर ते लपवू नका. तसेच प्रार्थनेत सांगा. काम सुरू करायला त्याने अडत नाही, पण पुढे चिडचिड कुठून येणार आहे ते आधीच कळून येते.

नम्रता म्हणजे स्वतःला टाकाऊ समजणे, हा गैरसमज आपल्या मंडळ्यांमध्ये फार खोल गेलेला आहे. रोमकरांस पत्र १२:३ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला अधिक मानू नका, तर मर्यादेने स्वतःचा विचार करा. मर्यादेने, म्हणजे आहे तेवढेच. फुगवून नाही आणि पाडूनही नाही. पाय धुऊन पुन्हा बसल्यावर येशूने काय म्हटले पाहा. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ते बरोबरच म्हणता, कारण मी तो आहे. ओले हात पुसताना त्याने आपले प्रभुपण नाकारले नाही.

म्हणून तुम्हाला हिशेब ठेवता येत असेल, पेटी वाजवता येत असेल, आजाऱ्याजवळ शांत बसता येत असेल, तर विचारल्यावर साधेपणाने "हो, येतं" म्हणा. "छे हो, मला कुठलं जमतंय" म्हणत चार जणांना आग्रह करायला लावणे यात नम्रता नाही, त्यात तर सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच ओढून घेतलेले असते. "जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे" या पौलाच्या वाक्यात (१ करिंथ. १५:१०) कृपाही आहे आणि "आहे"सुद्धा आहे.

## दुसरी पायरी: विचारल्याशिवाय मदत ठरवू नका

मार्क १० मध्ये येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो. आधी जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान यांना, मग यरीहोजवळच्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याला: मी तुमच्यासाठी, तुझ्यासाठी, काय करावे अशी इच्छा आहे? दोघा भावांनी उजवीकडची आणि डावीकडची जागा मागितली. बार्तीमयाने दृष्टी मागितली. मला थांबायला लावते ते हे की आंधळ्या माणसाला काय हवे आहे हे कोणालाही दिसत होते. तरी येशूने गृहीत धरले नाही, त्याला स्वतःच्या तोंडाने मागू दिले. मदत घेणाऱ्याचा मान इथेच राखला जातो.

आपल्या रोजच्या बोलण्यात याचे रूप असे असावे. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य मनापासून आलेले असले तरी त्याने ओझे अडचणीतल्या माणसावरच पडते. त्याने काय मागायचे, केव्हा मागायचे, किती मागायचे, सगळे त्यानेच ठरवायचे. त्याऐवजी नेमके दोन पर्याय द्या: "मंगळवारी सकाळी मी मोकळा आहे. दवाखान्यात सोबत येऊ, की मुलांना शाळेतून घरी आणू?" आणि उत्तर "काहीच नको" असे आले तर ते तसेच स्वीकारा. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा आग्रह करणे म्हणजे आपल्या मदतीची हौस भागवून घेणे.

विचारण्याआधी बघायचे असते. उपासना संपल्यावर लगेच ओळखीच्या घोळक्यात शिरू नका. कोण एकटे उभे आहे, कोण दोन-तीन रविवार दिसलेले नाही, खुर्च्या दर वेळी कोण उचलतो आणि त्याला हातभार कोणीच का लावत नाही, हे पाहा. मी तर म्हणेन की नव्या माणसाने पहिला महिना काहीच करू नये, फक्त पाहावे.

## तिसरी पायरी: छोटे, ठरलेले आणि पुन्हा पुन्हा करायचे काम निवडा

ज्या रात्री पाय धुतले गेले त्याच रात्री, त्याच भोजनाच्या वेळी, आपल्यात मोठा कोण असा शिष्यांचा वाद झाला, असे लूक सांगतो (२२:२४). मोठेपणावर बोलायला बारा जण होते, पण उठून पाणी ओतायला कोणी नव्हते.

यावर सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी केलेली व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. त्यांच्या नियमावलीत स्वयंपाकघराच्या कामाची आठवड्याची पाळी असते आणि आजारपण किंवा तितकेच महत्त्वाचे काम असल्याशिवाय त्यातून कोणाची सुटका नाही. अशक्त बंधूंना मदतनीस द्यावेत, म्हणजे त्यांना हे काम खिन्न मनाने करावे लागणार नाही, असेही तिथे लिहिले आहे. आठवडा संपताना पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, मग त्याने आणि नव्या पाळीवाल्याने मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ व धडधाकट परत करायची. नम्रता ही मनाची लहर म्हणून सोडून न देता ती वेळापत्रकात बसवली आहे. मन लागो न लागो, पाळी आली की काम करायचे.

तुम्हीही एकच काम घ्या. उपासनेनंतर सभागृह झाडणे, एका वृद्ध माणसाला दर आठवड्याला वचन वाचून दाखवणे, दृष्टी अधू झालेल्या कोणाचे अर्ज भरून देणे. दिवस ठरवा, मुदत ठरवा, समजा तीन महिने, आणि ज्याच्याकडे ती जबाबदारी आहे त्यालाच तेवढे सांगा. मोठी, एकदाच होणारी सेवा सोपी असते, कारण ती लोकांच्या लक्षात राहते. दर शनिवारी स्वच्छतागृह धुणारा दुसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्यांच्या नजरेआड होतो. माणूस घडतो तो याच दुसऱ्या महिन्यात.

## चौथी पायरी: हात लावायची सेवा नीट शिकून घ्या

बरेच जण पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहतात, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय प्रत्यक्ष कसे धुवायचे हे फारसे कोणी शिकवत नाही. नुसता भाव चांगला असून भागत नाही, चुकीच्या हातांनी इजा होते. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी परवानगी घ्या, आणि तीही घरच्यांच्या आधी त्या व्यक्तीची. "आजी, आज पाय धुऊन देऊ का?" असे विचारून थांबा. त्यांना मधुमेह आहे का, पायाला बधिरपणा किंवा जखम आहे का, हे घरच्यांकडून समजून घ्या. बधिर पायाला गरम पाणी कळत नाही, त्यामुळे पाणी तुमच्या कोपराला लावून बघा, ते नुसते कोमट लागले पाहिजे. पलंगावर खाली प्लास्टिक आणि त्यावर जुना टॉवेल अंथरा. एका वेळी एकच पाय उघडा, दुसरा पांघरुणातच राहू द्या. थंडी वाजू नये म्हणून हे करायचेच, पण उघडे पडल्याची लाज वाटू नये म्हणून जास्त.

साबण सौम्य घ्या. पाय फार वेळ भिजवत ठेवू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. धुताना तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. लालसर डाग, फोड, भेग, काळपट झालेली जागा दिसली तर चोळू नका. घरच्यांना लगेच दाखवा आणि डॉक्टरांना कळवायला सांगा. मग टॉवेलने घासून नाही, तर टिपून पुसा, आणि बेचक्या पूर्ण कोरड्या करा. ओलावा राहतो तो तिथेच आणि कातडी चिघळते तीही तिथेच. टाचेला मलम लावायचे असेल तर लावा, बोटांच्या मध्ये नको. मधुमेही माणसाची नखे स्वतः कापायला जाऊ नका, ते काम जाणकार परिचारिकेवर सोपवा. इतरांची नखे सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका.

आणि हे चालू असताना बोलायचे काय? फार काही नाही. आजी बोलल्या तर ऐका. वास आला, पाय विद्रूप झालेले असले, तरी चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका. समोरचा माणूस तुमच्या हातांपेक्षा तुमचा चेहराच जास्त पाहत असतो. लगेच प्रार्थना सुरू करण्याचीही घाई नको. त्यांनी मागितली तर करा, थोडक्यात करा. पाय धुण्याच्या निमित्ताने उपदेश ऐकवला की त्या सेवेचा मोबदला वसूल केल्यासारखे होते.

चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप बासील यांनी एकांतात राहणाऱ्या साधकांना विचारले होते की एकटेच राहिलात तर पाय कोणाचे धुणार? बासील यांनी शहराबाहेर आजारी आणि निराधार लोकांसाठी आश्रयस्थान उभारले होते, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. नम्रता एकट्याने सिद्ध होत नाही, तिला समोर कोणाचे तरी खरे पाय लागतात.

## पाचवी पायरी: फोटो, बातमी आणि "प्रार्थनेसाठी सांगते"

मत्तय ६:१-४ स्पष्ट आहे: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आजचा नियम मी एवढाच ठेवीन की मदत घेणाऱ्याचा चेहरा कोणत्याही फोटोत येऊ नये, त्याने परवानगी दिली तरी. हातात पिशवी असताना "फोटो काढू का?" याला नाही म्हणायची ताकद त्याच्याकडे नसते. देणगीदारांना हिशेब द्यायचा असेल तर आकडे आणि पावत्या द्या.

दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. सेवा करताना घराघरातल्या गोष्टी कानावर येतात: कर्ज, व्यसन, मुलाचे बिनसलेले लग्न. त्या पुढे जातात तेव्हा सुरुवात नेहमी अशी असते: "कोणाला सांगू नका, प्रार्थनेसाठी सांगते." ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय प्रार्थनेच्या साखळीतही नाव घेऊ नका. देवाला नाव माहीत आहे.

## सहावी पायरी: दुसऱ्याची सेवा घ्या

त्या रात्री शिष्य पेत्राची अडचण पाय धुण्याची नव्हती, धुऊन घेण्याची होती. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" हे त्याचे बोलणे ऐकायला आदराचे वाटते, पण येशूने ते मान्य केले नाही. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे त्याने सांगितले.

वर्षानुवर्षे सेवेत असलेल्यांना ही पायरी सर्वांत जड जाते असे माझे मत आहे. ते आजारी पडले तर कोणाला कळवत नाहीत. डबा आणला तर "उगाच कशाला त्रास घेतलात" म्हणून पाठवणाऱ्यालाच अवघडवून टाकतात. यहूदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत अशा शोमरोनी लोकांपैकी एका स्त्रीकडे येशूने पाणी मागितले. मग्दालीया मरीया, खुजाची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्याची आणि बारा जणांची सेवा करत होत्या, असे लूक ८:१-३ मध्ये नोंदवले आहे. ज्याच्या हाती सर्वकाही होते तो दुसऱ्यांच्या पैशावर जगला आणि त्यात त्याला संकोच वाटला नाही.

करून पाहा. या आठवड्यात कोणाकडे तरी एक खरी मदत मागा, आणि ती मिळाल्यावर परतफेड न करता नुसते "बरं झालं तुम्ही आलात" म्हणा. लगेच काहीतरी उलट देऊन फिटंफाट करण्याची ऊर्मी आली तर ती ओळखा. नेहमी देणाऱ्याच्याच जागी राहणे ही वरची जागा आहे.

## सातवी पायरी: मन आंबट झाले तर

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तेव्हा "बाकीचे नऊ कोठे आहेत?" असे येशूने विचारले. म्हणजे कृतघ्नता लक्षात येणे हे पाप नाही. पण येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत उठून बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यावर. त्याचेही पाय धुतले गेले होते.

कटुता साठू लागल्याची खूण येशूचा पाहुणचार करणाऱ्या मार्थेच्या बोलण्यात आहे (लूक १०:४०). तिचे काम चुकीचे नव्हते. पण तिची नजर कामावरून उठून बसलेल्या बहिणीवर गेली, आणि मग ती पाहुण्यालाच जाब विचारू लागली. कोण किती करत नाही याची मोजणी मनात सुरू झाली की समजा, थांबायची वेळ आली. दोन दिवस काम बाजूला ठेवा किंवा सरळ शब्दांत मदत मागा: "मला एकटीला हे होत नाही, पुढच्या रविवारपासून कोणी सोबत येईल का?" धुसफुसत केलेल्या सेवेपेक्षा ही मागणी जास्त नम्र आहे.

## आठवी पायरी: कुठे "नाही" म्हणायचे

कफर्णहूमात सगळे लोक येशूला शोधत होते, तेव्हा तो भल्या पहाटे एकांतात प्रार्थना करत होता आणि मग दुसऱ्या गावांकडे निघून गेला (मार्क १:३५-३८). गरज समोर होती, तरी तो गेला. मोशेला पवित्र शास्त्र पृथ्वीवरील सर्वांपेक्षा नम्र म्हणते (गणना १२:३), आणि याच मोशेने सासऱ्याचे, इथ्रोचे, म्हणणे ऐकून न्यायनिवाड्याचे काम वाटून दिले, कारण एकट्याने करता करता तू झिजून जाशील असे इथ्रोने त्याला बजावले होते. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असेही आहे आणि प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही. जे काम समोरचा स्वतः करू शकतो ते त्याच्या हातून काढून घेणे ही सेवा नाही.

आता एक गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे. नम्रता ही स्वतःहून धरायची असते, दुसऱ्यावर लादायची नसते. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला "नम्र राहा, सोसा" असे सांगणे, पुढाऱ्याच्या गैरव्यवहारावर प्रश्न विचारणाऱ्याला "गर्विष्ठ" ठरवणे, सेवकाला वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवून "प्रभूची सेवा आहे" म्हणणे, हा त्या रुमालाचा अपमान आहे. महायाजकासमोर कामदाराने येशूला चपराक मारली तेव्हा त्याने विचारले: मी योग्य बोललो असलो तर मला का मारतोस? (योहान १८:२३). पाय धुणारा तोच, आणि काही तासांनी हा प्रश्न विचारणाराही तोच. पौलानेही आपला रोमी नागरिकाचा हक्क वापरून कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. अशा वेळी पीडित माणसाला आधी सुरक्षित जागी न्या, कायद्याची मदत मिळवून द्या. क्षमेची चर्चा त्यानंतर, आणि तीही त्याने काढली तरच.

## शेवटची पायरी: काम सोपवून बाजूला होणे

यरुशलेमेतल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी तक्रार आली (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात जण निवडायला सांगितले आणि वाटणीचे काम त्यांच्या हाती दिले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव: सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, बहुधा त्यांच्याच लोकांकडे अधिकार गेला.

तुमची मुदत संपत आली की असे करा. महिनाभर आधी दुसऱ्या कोणाला सोबत घ्या. किल्ल्या कुठे, साहित्य कुठे, कोणत्या आजोबांना कमी ऐकू येते, हे सगळे एका वहीत लिहून द्या. पैशाचा हिशेब तिसऱ्या माणसासमोर मोजून द्या. बेनेडिक्ट यांच्या मठातल्या पाळीवाल्यासारखे सामान स्वच्छ आणि धडधाकट परत करा. मग खरोखर बाजूला व्हा. नवा माणूस काम वेगळ्या पद्धतीने करील, काही गोष्टी तुमच्यापेक्षा वाईट आणि काही निश्चितच चांगल्या. कोणी तुमच्याकडे येऊन "तुमच्या वेळी कसं छान व्हायचं" म्हटले तर विषय बदला. नव्या माणसाने फोन करून विचारले तर सगळे सांगा. नाही विचारले तर निदान पहिले दोन महिने स्वतःहून फोन करू नका.